घरी कॉफी चाखून गुण द्यायचे तर: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

एक पाकीट सोमवारी व्ही-६०च्या शंकूसारख्या गाळणीत गाळलं, दुसरं गुरुवारी फ्रेंच प्रेसमध्ये भिजवलं, तिसऱ्यात पाहुणे आले म्हणून दूध घातलं, आणि महिन्याच्या अखेरीस ‘अराकूची कॉफी चिकमगळूरपेक्षा सरस’ असा निकाल लागला. माझ्या ओळखीतले बहुतेक जण कॉफीची तुलना अशीच करतात. या निकालात कॉफीचा वाटा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. पाणी वेगळं होतं, दळण वेगळं होतं, भाजल्यानंतर उलटलेले दिवस वेगळे होते आणि पाकिटावरचं वर्णन आधीच वाचून झालेलं होतं. गुण मिळाले ते या सगळ्याला.

कॉफीच्या व्यवसायातली माणसं ज्या पद्धतीने चाखतात तिला कपिंग म्हणतात. दळलेल्या कॉफीवर थेट गरम पाणी ओतायचं, ती भिजू द्यायची, वरचा थर फोडायचा आणि चमच्याने चाखायचं. गाळणी नाही, कौशल्य लागेल अशी धार नाही, म्हणून सगळ्या कॉफ्यांना सारखी वागणूक मिळते. तीच पद्धत घरच्या टेबलावर बसेल इतकी आटोपशीर करून खाली दिली आहे. एका बैठकीला तीन कॉफ्या, चार क्रमांक, आठ वाट्या आणि साधारण दीड तास लागतो. तीन कॉफ्यांना चार क्रमांक का, ते पाचव्या पायरीत कळेल.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग पाकिटं मागवा

एका बैठकीत एकच प्रश्न. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, आणि तो नंतर कितीही काळजीपूर्वक चाखून निस्तरता येत नाही.

प्रदेशांची तुलना करायची असेल तर रोस्टर (बिया भाजून विकणारा) एकच ठेवा, प्रक्रिया (फळातली बी काढून वाळवण्याची रीत) एकच ठेवा आणि भाजणीही जवळपास सारखी निवडा. उदाहरणार्थ, एकाच रोस्टरची मध्यम भाजलेली वॉश्ड (गर धुवून मग वाळवलेली) अरेबिका जातीची कॉफी तीन ठिकाणची घ्या: कर्नाटकातली बाबाबुडनगिरी, आंध्रातलं अराकू खोरं आणि तमिळनाडूत येरकॉडकडचे शेवरॉय डोंगर. एक पाकीट हलकं भाजलेलं आणि दुसरं काळपट असेल, तर तुम्हाला कळेल तो भाजणीतला फरक, डोंगरातला नव्हे.

रोस्टरांची तुलना करायची असेल तर उलट करा. मळा एकच आणि रोस्टर वेगवेगळे. आपल्याकडे काही मळ्यांची कॉफी एकापेक्षा जास्त रोस्टरांकडे मिळते. रत्नागिरी इस्टेट हे त्यातलं ठळक नाव. (हा मळा कर्नाटकात आहे, कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा संबंध नाही. पाकीट पाहून अनेकांची फसगत होते.) नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन, मुंबईतले सबको आणि केसी रोस्टर्स, देशभर मिळणारं ब्लू टोकाय अशांच्या यादीत एकच मळा, एकच प्रक्रिया आणि एकच हंगाम जुळतो का ते पाहा. मळा जुळला पण एकीकडे नॅचरल (अख्खं फळच वाळवलेली) आणि दुसरीकडे वॉश्ड असेल तर ती जोडी सोडून द्या.

प्रक्रियेची तुलना सर्वांत सोपी आणि नवख्यांसाठी सर्वांत उपयोगी. एकाच मळ्याची वॉश्ड, हनी (थोडा गर ठेवून वाळवलेली) आणि नॅचरल कॉफी शेजारी ठेवली की फरक पहिल्याच भुरक्यात कळतो. पहिली बैठक याच प्रश्नावर करा असं मी आग्रहाने सांगते.

सावधान: मान्सून्ड मलबार आणि रोबस्टा (कॉफीची दुसरी जात) या कॉफ्या वॉश्ड अरेबिकाच्या रांगेत बसवू नका. मान्सून्ड मलबारच्या बिया किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबरच्या दमट वाऱ्यात मुद्दाम ठेवतात. त्या फुगतात, पिवळट होतात, आंबटपणा जवळजवळ जातो आणि कॉफीला जडपणा येतो. तिला आम्लतेचे कमी गुण देणं म्हणजे ती जी नाही त्याबद्दल तिला शिक्षा करणं. मान्सून्ड कॉफीची तुलना मान्सून्डशी, रोबस्टाची रोबस्टाशी.

## २. पाकिटं तपासा

पाकीट हातात आलं की चार गोष्टी वहीत उतरवा.

भाजल्याची तारीख. ‘पॅक केल्याची तारीख’ वेगळी असू शकते, तिच्यावर विसंबू नका. हलकी ते मध्यम भाजणी असेल तर भाजल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांच्या काळात चाखा. फार ताज्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. पाणी ओतल्यावर ती उसळते, नीट भिजत नाही आणि चव बोथट, थोडी झोंबरी लागते. तिन्ही पाकिटांच्या तारखांत आठवड्यापेक्षा जास्त अंतर नको. दोन रोस्टरांकडून मागवताना म्हणूनच एकाच आठवड्यात भाजलेला माल मिळेल का, हे विचारून घ्यावं.

पिकाचा हंगाम. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालते. वाळवणं, टरफल काढणं, प्रतवारी हे उरकून नवा माल रोस्टरांकडे यायला उन्हाळा उजाडतो. त्यामुळे डिसेंबरात घेतलेली कॉफी काल भाजलेली असली तरी तिचं पीक वर्षभरापूर्वीचं असू शकतं. जुन्या पिकाला लाकडाची किंवा पुठ्ठ्याची चव येते आणि आंबटगोड भाग मावळतो. एक पाकीट नव्या पिकाचं आणि दुसरं जुन्याचं असेल तर तुलना थांबवा.

चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. ‘फिल्टर कॉफी’ असं लिहिलेल्या पाकिटावरचे घटक वाचा. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. अशा मिश्रणाला इथे जागा नाही.

अख्ख्या बिया. दळलेली कॉफी मागवू नका. दोन रोस्टरांच्या गिरण्या वेगळ्या, त्यामुळे दोन्ही पाकिटांवर ‘मध्यम’ छापलेलं असलं तरी भरड वेगळी निघते.

मग मूठभर बिया पांढऱ्या ताटलीत पसरा. सगळ्या सारख्या रंगाच्या आहेत का? मधूनच एखादी फिकट, भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाची बी दिसली तर ती बहुधा कच्च्या फळातली असते. तिला क्वेकर म्हणतात. वाटीत ती शेंगदाण्यासारखी कोरडी, कागदी चव देते. अशा बिया निवडून फेकू नका. पाकिटात जे विकलं गेलं आहे तेच चाखायचं आहे. फक्त किती दिसल्या ते लिहा.

## ३. पाणी

वाटीतल्या कॉफीत जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि घरोघरी चुकतं ते हेच.

आरओ यंत्रातून आलेलं पाणी अनेकदा इतकं रिकामं असतं की कॉफी पातळ आणि नुसती आंबट लागते. बोअरवेलचं जड पाणी याच्या उलट. त्यातला क्षारपणा कॉफीतलं आम्ल मारतो आणि सगळ्या कॉफ्या एकसारख्या, मातकट लागतात. मी एकदा अशाच पाण्यावर तीन वेगवेगळ्या डोंगरांच्या कॉफ्या चाखल्या आणि तिघींना ‘सपाट’ लिहिलं. आठवडाभराने पाणी बदलून पुन्हा चाखल्यावर त्यातल्या एकीत चक्क मोसंबी होती.

स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफी व्यवसायातल्या संघटनेने कपिंगच्या पाण्यासाठी सांगितलेलं लक्ष्य १५० पीपीएम टीडीएसच्या (दहा लाख भाग पाण्यात विरघळलेले १५० भाग क्षार) आसपास आहे आणि ७५ ते २५० पर्यंत चालतं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. आरओचं पाणी आणि साध्या फिल्टरचं पाणी एकमेकांत मिसळून १०० ते १५० च्या दरम्यान आणा. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते क्षार ते सांगत नाही. तरीही अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी कोळशाच्या फिल्टरमधून काढा.

तपासणी: दोन लिटर पाणी एकाच भांड्यात मिसळून ठेवलं आहे का? बैठक अर्ध्यावर आल्यावर पाणी संपलं आणि नळाखाली केटल धरली, तर उरलेल्या वाट्या बाद.

## ४. जागा, भांडी आणि जीभ

चाखण्याची वेळ सकाळी, नाश्त्यानंतर तासाभराने. आदल्या तासात चहा, पान, सुपारी, मिरची, टूथपेस्ट यातलं काही नको. त्या सकाळी घरात फोडणी पडू देऊ नका, उदबत्ती लावू नका, अत्तर किंवा सुगंधी क्रीम लावू नका. कपाटातून काढलेल्या शालीला डांबरगोळ्यांचा वास असेल तर तीही दुसऱ्या खोलीत ठेवा. नाक बुजलेलं असेल तर बैठक पुढे ढकला.

आठ वाट्या एकाच आकाराच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या, २२० ते २५० मिलिलिटरच्या. स्टीलच्या वाट्या फार लवकर निवतात आणि तापमानाबरोबर चव कशी बदलते, हेच तर पाहायचं असतं. प्रत्येक चाखणाऱ्याला एक सूपचा खोल चमचा, चमचा विसळायला गरम पाण्याचा पेला आणि थुंकायला एक मग. भांडी वास नसलेल्या साबणाने धुवून, गरम पाण्याने विसळून, उलटी न घालता सुकवा. उलट्या वाटीत कोंडलेला कपाटाचा वास पहिल्या हुंगण्यातच नाकात येतो.

आता जीभ. मराठीत आंबट, कडू आणि तुरट हे तीन शब्द स्वच्छ वेगळे आहेत, तरी कॉफी पिताना आपण तिन्हींना ‘कडू’ म्हणून मोकळे होतो. आदल्या संध्याकाळी तीन पेले करा. एकात पाण्यात लिंबाचे आठ-दहा थेंब, दुसऱ्यात दिवसभर मेथीदाणे भिजवलेलं पाणी, तिसऱ्यात दहा मिनिटं भिजवून गार केलेला बिनदुधाचा कडक चहा. डोळे मिटून ओळखा. चहाचा पेला संपल्यावर जीभ हिरड्यांना घासल्यासारखी खरखरीत लागेल. कच्चं केळं किंवा अर्धवट पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर लागते तशी. तो तुरटपणा. तो चवीपेक्षा स्पर्श जास्त आहे आणि कॉफीत तो अवगुण मानतात. आंबटपणा मात्र गुणही असू शकतो.

दुसरा प्रयोग एका मिनिटाचा. नाक चिमटीत धरून चिमूटभर जिरं चावा. फारसं काही लागणार नाही. आता नाक सोडा. जे अचानक आलं ते नाकाने ओळखलं, जिभेने नाही. कॉफीतलं जांभूळ, मनुका, चॉकलेट हे सगळं तिकडूनच येतं.

## ५. क्रमांक घाला आणि एक कॉफी दोनदा लपवा

घरातल्या एकाला मदतीला घ्या. तो चाखणार नाही. तीन कॉफ्यांपैकी कोणतीही एक त्याने निवडायची आणि दोन वेगळ्या क्रमांकांखाली ठेवायची. म्हणजे कॉफ्या तीन, क्रमांक चार. क्रमांक तीन आकडी आणि निरर्थक हवेत: ४१७, २८५, ९३२, ६०४. अ, ब, क लिहिलं की ‘अ’ला नकळत पहिला नंबर मिळतो. चिठ्ठी वाटीच्या बुडाला चिकटवायची, प्रत्येक क्रमांकाच्या दोन वाट्या शेजारी ठेवायच्या आणि खरी यादी बंद पाकिटात घालायची.

लपवलेली जोडी ही या सगळ्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही. स्वतःच्या गुणांवर किती विश्वास ठेवायचा हे सांगणारं घरी दुसरं साधन नाही.

एकटेच असाल तर सगळ्या वाट्यांत पूड भरून झाल्यावर जोड्यांची अदलाबदल करा आणि कोरडी पूड हुंगताना डोळे मिटा, कारण भाजणीचा रंग लगेच चुगली करतो.

सावधान: पाकिटं टेबलावरून उचला. ‘स्ट्रॉबेरी, रोझ, डार्क चॉकलेट’ हे शब्द एकदा डोळ्यांखालून गेले की ते वाटीत सापडतातच.

## ६. वजन आणि दळण

प्रमाण १५० मिलिलिटरला ८.२५ ग्रॅम. घरच्या काट्यावर दशांश दिसत नसेल तर सोपा मार्ग आहे: २०० मिलिलिटरला ११ ग्रॅम. प्रमाण तेच राहतं आणि आकडे पूर्ण येतात. आठ वाट्यांना ८८ ग्रॅम कॉफी आणि १.६ लिटर पाणी. एवढं पाणी मोठ्या घरगुती केटलमध्ये एकाच वेळी मावतं. नाही मावलं तर १५० मिलिलिटरचंच प्रमाण घ्या.

प्रत्येक वाटीच्या बिया वेगळ्या मोजा आणि वेगळ्या दळा. दोन वाट्यांची कॉफी एकत्र दळून अर्धी-अर्धी करू नका. एखादी सडकी बी असेल तर ती एकाच वाटीत सापडली पाहिजे. दोन वाट्यांतला तो फरक म्हणजेच त्या मालातली विसंगती.

दळण गाळणीच्या कॉफीपेक्षा किंचित जाड, उपम्याच्या जाड रव्याइतकं. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी भागांमध्ये बिया भरडणारा) पुरेसा आहे. मिक्सर चालणार नाही. त्यात अर्धी धूळ आणि अर्धे तुकडे होतात. धुळीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून नुसता आंबटपणा, आणि दोष कॉफीवर येतो. कॉफी बदलताना पुढच्या कॉफीचे तीन ग्रॅम आधी दळून फेकून द्या, म्हणजे आधीचे कण निघून जातील. सर्वांत गडद भाजणी शेवटी दळा.

दळल्यापासून १५ मिनिटांच्या आत पाणी पडायला हवं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पूड हवेतला ओलावा पटकन धरते, तेव्हा वाट्यांवर बशा झाका.

तपासणी: पाणी ओतण्यापूर्वी प्रत्येक वाटी किंचित हलवून कोरडी पूड हुंगा आणि लगेच लिहा. हा सुगंध नंतर परत मिळत नाही. दोन जोडवाट्यांपैकी एकीचा वास वेगळा आला तर तिच्यावर खूण करा.

## ७. पाणी ओतणं आणि थर फोडणं

इथे घड्याळ लागतं.

पाणी खळखळून उकळू द्या, मग केटलचं झाकण उघडून मिनिटभर थांबा. लक्ष्य ९३ अंश सेल्सिअस. थर्मामीटर असेल तर वापरा.

पहिली वाटी काट्यावर ठेवून सगळी पूड भिजेल असं २०० ग्रॅम पाणी ओता. पाणी पडल्या क्षणी घड्याळ सुरू. पुढची वाटी १५ सेकंदांनी, मग पुढची. आठवी वाटी १ मिनिट ४५ सेकंदांवर येते. एवढ्या वेगात काटा सांभाळता येत नसेल तर प्रत्येक वाटीच्या आतून २०० मिलिलिटरची खूण आधीच करून ठेवा. वाट्यांना हात लावू नका, हलवू नका.

चौथ्या मिनिटाला पहिल्या वाटीचा थर फोडायचा आणि पुढे त्याच क्रमाने, त्याच १५ सेकंदांच्या अंतराने जायचं. नाक वाटीच्या अगदी जवळ नेऊन चमच्याच्या पाठीने थर हळूच पलीकडे ढकला आणि तीनदा ढवळा. याच क्षणी सर्वांत जास्त गंध सुटतो. थर एकानेच फोडावा. तळ ढवळू नका. तळाची पूड वर आली की कॉफी पुढे उतरत राहते आणि ती वाटी बाकीच्यांपेक्षा कडवट होते. प्रत्येक वाटीनंतर चमचा गरम पाण्यात बुडवून झटका.

मग दोन चमच्यांनी वरचा फेस आणि तरंगणारे कण काढून टाका. घाई करायचं कारण नाही, कॉफी अजून तोंडात घालण्याइतकी निवलेली नाही.

सावधान: एका कॉफीच्या दोन्ही वाट्या ओतायला उशीर झाला आणि दुसरीच्या वेळेवर ओतल्या, तर तो फरक तुम्हाला ‘अंगाचा’, म्हणजे तोंडातल्या जडपणाचा, फरक वाटेल. क्रम चुकला असेल तर तसं लिहून ठेवा.

## ८. तीन फेऱ्या: गरम, कोमट, गार

पहिली फेरी घड्याळात १० ते १२ मिनिटं झाल्यावर. चमच्यात थोडी कॉफी घ्या आणि जोराने भुरका मारा. बशीतून चहा पिताना मारतो तसा, त्याहूनही जोराचा. कॉफी फवाऱ्यासारखी टाळूपर्यंत गेली पाहिजे आणि वास मागून नाकात चढला पाहिजे. भुरका मारणं असभ्य म्हणून लहानपणापासून आपल्याला दटावलेलं असतं, त्यामुळे पहिल्या बैठकीत सगळे संकोचाने हळूच पितात आणि मग ‘सगळ्या सारख्याच लागतात’ म्हणतात. आवाज झालाच पाहिजे. दोन-तीन सेकंद तोंडात फिरवून थुंका. गिळलीत तर चौथ्या क्रमांकापर्यंत हात थरथरू लागतील आणि जीभही थकेल.

पहिल्या फेरीत फक्त चव आणि मागे रेंगाळणारी चव लिहा. गुण अजून नाहीत.

दुसरी फेरी साधारण २० मिनिटांवर, उलट क्रमाने. गोड, दाट वाटीनंतर येणारी वाटी नेहमीच फिकी लागते, म्हणून क्रम उलटायचा. आम्लता आणि अंग यावेळी पाहा. अंग म्हणजे तोंडातला जडपणा: पातळ ताकासारखं, दुधासारखं की दाट मठ्ठ्यासारखं?

तिसरी फेरी ३० ते ४० मिनिटांनी, वाटी हाताला गार लागल्यावर. ही फेरी लोक हमखास टाळतात, पण निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. उष्णता दोष झाकते. गरम असताना छान वाटलेली कॉफी गार झाल्यावर राखेसारखी किंवा तुरट निघते, आणि सुरुवातीला गप्प असलेली एखादी वॉश्ड कॉफी गार होता होता उसाच्या रसासारखी गोड होत जाते. जोडवाट्यांतला फरकही आत्ताच उघडा पडतो.

दोन क्रमांकांच्या मध्ये कोमट पाण्याची चूळ भरा. हवा असेल तर साध्या पावाचा तुकडा खा. शेव-चिवडा नको.

सगळ्यांत महत्त्वाची शिस्त: तिसरी फेरी संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘जांभूळ!’ म्हटलं की पाचही जणांच्या कागदावर जांभूळ येतं.

## ९. शब्द शोधा

गुणांआधी शब्द. मोठ्याकडून लहानाकडे या: फळ आहे, सुकामेवा आहे की भाजलेलं काही आहे? फळ असेल तर आंबट की गोड? आंबट असेल तर लिंबाच्या जातीचं की करवंदाच्या?

पाकिटांवर ब्लूबेरी, पीच, मॅपल सिरप लिहिलेलं असतं. जे फळ तुम्ही वर्षातून एकदाही खात नाही, त्याचं नाव लिहू नका. आपल्याकडे पुरेसे शब्द आहेत आणि ते जास्त नेमके आहेत. गूळ आणि काकवी वेगळ्या लागतात, भाजलेला शेंगदाणा आणि भाजलेला तीळ वेगळे. कोकमाचा आंबटपणा चिंचेसारखा नसतो, आवळ्याचा दोन्हींसारखा नाही. नॅचरल कॉफ्यांत मला अनेकदा पिकलेला फणस, मनुका, खजूर सापडतात. वॉश्ड कॉफ्यांत मोसंबीची साल, गूळ आणि कधी वेलदोडा.

दोषांचेही शब्द ठरवून ठेवा. कुबट, बुरशीचा वास हा साठवणीतला किंवा वाळवणीतला दोष. शिळ्या ताकासारखा, सडक्या फळाचा आंबूस वास म्हणजे आंबवणं हाताबाहेर गेलं. औषधासारखा, दवाखान्याची आठवण देणारा वास आला तर त्याला फिनॉलचा दोष म्हणतात. हे सगळे मळ्याकडचे. कच्च्या हरभऱ्याची किंवा गवताची चव आली तर भाजणी अपुरी झाली. राख आणि धूर आला तर जास्त. हे रोस्टरकडचे. रोस्टरांची तुलना करत असाल तर हा भेद सोडून चालणार नाही, नाहीतर मळ्याची चूक रोस्टरच्या माथी बसते.

## १०. आता गुण

स्पेशालिटी कॉफीतला शंभरपैकी गुणांचा आकडा तुम्ही पाहिला असेल. रूढ अर्थाने ८० आणि त्यावर म्हणजे स्पेशालिटी, वरच्या दर्जाची कॉफी. २०२३ पासून स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने नवी मूल्यमापन पद्धत पुढे आणली. तिच्यात एक गोष्ट फार शहाणपणाची केली आहे. ‘किती आहे’ आणि ‘किती आवडलं’ हे दोन कागद वेगळे केले. आम्लता तीव्र आहे, हे वर्णन. ती तीव्रता मला भावली की नाही, हा गुण. आपण घरी या दोन्हींची खिचडी करतो आणि ‘आम्लता ८’ लिहून ठेवतो. महिन्याने वाचलं की त्या आठचा अर्थ लागत नाही.

म्हणून पानावर दोन रकाने करा. डावीकडे तीव्रता (कमी, मध्यम, जास्त) आणि शब्द. उजवीकडे १ ते ९ मधला गुण. शीर्षकं आठ: कोरडा सुगंध, ओला गंध, चव, मागे रेंगाळणारी चव, आम्लता, गोडवा, अंग, एकूण. ५ म्हणजे चांगलंही नाही, वाईटही नाही. सुरुवात प्रत्येक वेळी ५ पासून करा आणि वर किंवा खाली जायला कारण सापडलं तरच हला. ७ पासून सुरुवात केली की सगळ्या कॉफ्या ७ आणि ८ मध्ये अडकून पडतात.

गोडव्याबद्दल एक खुलासा: काळ्या कॉफीत साखर नावापुरतीच असते. इथे गोडवा म्हणजे गुळाची, पिकल्या फळाची आठवण देणारा भास. साखर घातलेल्या चहासारखं गोड लागण्याची वाट पाहू नका.

शंभरातला आकडा हवाच असेल तर आठ गुणांच्या बेरजेला ०.६५६२५ ने गुणा आणि ५२.७५ मिळवा. सगळीकडे ५ दिले तर ७९ येतात, सगळीकडे ६ दिले तर ८४.२५, सगळीकडे ९ दिले तर १००. असोसिएशनच्या या नव्या पद्धतीत पाच वाट्या असतात, आणि बाकीच्यांशी न जुळणाऱ्या प्रत्येक वाटीचे २, दोषयुक्त वाटीचे ४ गुण वजा होतात. घरी दोनच वाट्या असल्याने वजाबाकी करू नका, फक्त नोंद ठेवा. आणि हा आकडा रोस्टरने पाकिटावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहू नका. तुमच्या वहीतला आकडा तुमच्याच वहीतल्या दुसऱ्या आकड्याशी ताडायचा.

## ११. पाकीट उघडा आणि स्वतःला तपासा

यादी उघडल्यावर आधी लपवलेली जोडी शोधा. एकाच कॉफीला दोन क्रमांकांखाली किती वेगळे गुण दिलेत? मी पहिल्यांदा केलं तेव्हा एकाच पाकिटातल्या कॉफीला ‘चव’ या शीर्षकाखाली एकदा ५ आणि एकदा ७ दिले होते. म्हणजे त्या दिवशी माझ्या हाताची चूकच दोन गुणांची होती, आणि ज्या दोन कॉफ्यांत मी एका गुणाचा फरक दाखवला होता तो फरक नव्हताच.

नियम साधा ठेवा. जोडीतल्या बेरजांमध्ये जितकं अंतर, तितक्या किंवा त्याहून कमी अंतराच्या कॉफ्या बरोबरीच्या. त्याहून जास्त अंतर असेल तरच एकीला वरची म्हणा.

दोन कॉफ्यांत मुळात फरक कळतो का याचीच शंका असेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन वाट्या, दोन एकीच्या, एक दुसरीची; वेगळी वाटी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतं. सहा वेळा करून पाच वेळा बरोबर आलात तर ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी आहे. चार वेळा बरोबर आलात तर अजून खात्री धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

आठवड्याभरात त्याच कॉफ्या नवे क्रमांक घालून परत चाखा. तोपर्यंत पाकिटं हवाबंद, अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये रोज उघडझाप होते, तिथे नको.

## १२. दुधाची चाचणी वेगळी

आपल्याकडे बहुतेक घरांत कॉफी दुधात होते, त्यामुळे ‘दुधात कशी लागेल’ हा प्रश्न योग्यच आहे. पण कपिंगच्या वाटीत दूध ओतून त्याचं उत्तर मिळत नाही, कारण ती कॉफी त्यासाठी फार पातळ असते. साऊथ इंडियन फिल्टर किंवा मोका पॉटमध्ये प्रत्येक कॉफीचा सारख्या प्रमाणात कडक अर्क काढा, सारखंच मोजलेलं एकाच पिशवीतलं गरम दूध घाला, साखर घालू नका आणि क्रमांक पुन्हा झाका. वॉश्ड कॉफीतली नाजूक आम्लता इथे बऱ्याचदा हरवते. मान्सून्ड मलबार आणि चांगली रोबस्टा इथे वर येतात. हे गुण वहीत वेगळ्या पानावर लिहा, काळ्या कॉफीच्या बेरजेत मिळवू नका.